हस्ते रसीलाबेन

भावनगर, आषाढ वद्य दशमी

रसीलाबेन,

जय श्रीकृष्ण. वर लिहायचं असतं म्हणून लिहिलं.

तुमचं पाकीट काल पोचलं. पोस्टमननं सही मागितली. मी आधी चष्मा शोधला, मग पेन शोधलं, तोवर त्या बिचाऱ्याचा ओट्यावर बसून चहा पिऊन झाला. मला वाटलं आत चार ओळी असतील. पाकीट उलटं करून झटकलं, उजेडात धरून पाहिलं. राखी निघाली, कुंकवाची पुडी निघाली, अक्षता निघाल्या. कागदाचा कपटा नाही. बाहेर नाव, तेही नुसतं 'लाभुबेन'. भाभी लिहायला शाई जास्त लागत असेल.

राखी कुणाला बांधायची हे सांगायची गरज नव्हतीच म्हणा. तुमचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, गेला आणि बागेच्या फाटकाशी तुम्ही त्याच्या नावानं कोनोकार्पसचं, आपल्या कोनोचं, झाड लावलंत, तेव्हापासून दर राखीपौर्णिमेला, बळेवला, तुमचं ओवाळणीचं ताट तिथे जायचं. बुंध्याला टिळा, फांदीला राखी, लोखंडी पिंजऱ्याच्या जाळीतून आत पेढा. मग दिवसभर मुंग्यांची चैन. मी खिडकीतून बघत असायचे. खिडकी माझी आहे, कुठे बघायचं ते मी ठरवते. आता तुमच्या निकुंजनं तुम्हाला आपल्या मागच्या खोलीतून उठवून सुरतला नेलं, आणि ताट आलं माझ्या हातात. जिनं आजवर त्या झाडाला बोट लावलं नाही तिच्या हातात. मला पाठवताना तुमच्या जिवावर किती आलं असेल ते समजू शकते.

पण यंदा जमेलसं दिसत नाही, आणि ते मीच कळवावं असं वाटलं. किरीटभाईनं कळवलं तर तो त्यात साखर घालेल.

बळेवच्या आधीच्या रविवारी आपल्या सोसायटीचा झाडं लावायचा दिवस आहे. किरीटभाई सेक्रेटरी झाल्यापासून मांडव घालतो, कॉर्पोरेटरला बोलावतो, गांठिया-जलेबी ठेवतो. यंदा लावायच्या आधी काढायचं आहे. फाटकापासून टाकीपर्यंत कोनोची जेवढी रांग आहे तेवढी सगळी. कारण पाणी. तुम्ही गेलात तेव्हाच मागच्या गल्लीची रड सुरू झाली होती, आता सगळ्यांचीच आहे. एक दिवसाआड पाणी, ते आलं तरी करंगळीएवढी धार, आणि तिला वास. जवेरबेन या वयात दम्याचा पंप कमरेला खोचून समोरच्या सोसायटीतून बादल्या आणते. शेवटी फाटकाशी खोदलं. बघायला सगळे गेले, मीही गेले. पाइप फोडला तर आत मुळ्या. बाईच्या लांब केसांची वेणी घालून कुणी नळात कोंबावी तशा. प्लंबरनं ओढायला घेतली, तर ती संपेना. जादूगार तोंडातून रुमाल काढतो तशी येतच राहिली. पोरं टाळ्या वाजवायला लागली.

ती वेणी कुठून आली ते तुम्ही ओळखलं असेल. फाटकाशी झाड एकच आहे.

नोकरीभर तुमच्या भावानं नगरपालिकेत चावीवाल्याचं काम केलं. ती लांब लोखंडी चावी सायकलला बांधून पहाटे गेला, गल्लोगल्ली वॉल्व फिरवत. ताप असला तरी गेला. कुणाच्या दारात नळ कोरडा राहिला तर त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. आणि त्याच्या नावाच्या झाडानं आपल्याच सोसायटीचं पाणी बंद केलं. तो असता तर हसला असता. मला हसू आलं नाही.

आता सरकारही म्हणतं कोनो लावू नका, मुळ्या पाइपात शिरतात, खोकला होतो. छापून आलं तेव्हा किरीटभाई पेपर घेऊन माझ्याकडे आला, जसं काही मला ते नव्यानं कळणार होतं. मी हेच म्हणत होते तेव्हा मी अडाणी होते. मुलांच्या पाटीवर अक्षरं गिरवून वाचायला शिकलेली बाई, तिला झाडांतलं काय कळतं. असो.

तर कमिटीनं ठरवलं आहे. ज्यांची ज्यांची झाडं आहेत त्या सगळ्या घरांना विचारलं, सगळ्यांनी मान डोलावली. राखी देवापाशी ठेवली आहे. तिचं काय करायचं ते कळवा.

लाभु

भावनगर, श्रावण शुद्ध चतुर्थी

रसीलाबेन,

मला उत्तर लिहायचं सोडून तुम्ही किरीटभाईला फोन केलात. केलात ते केलात. पण त्याला ऐकू कमी येतं आणि तो फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावतो, हे सुरतला जाऊन तुम्ही विसरलात. आम्ही सगळे बागेत मांडवाची जागा बघत होतो. जवेरबेन होती, किरीटभाईची सून होती, आणखी दोघं-तिघं होते. तुमचा आवाज बाकावर ठेवलेल्या फोनातून सगळ्या बागेत फिरला.

"किरीटभाई, माझ्या भावाच्या झाडाला कुणी हात लावला तर मी येऊन फाटकात बसेन. सांगून ठेवते."

"अहो बेन, लोकांना प्यायला पाणी नाही."

"मग पाइप वळवून न्या. झाड वळवून नेता येत नाही."

"घरच्यांनी हो म्हटलंय, बेन. आपल्याकडे रीत आहे ना, ज्याच्या नावाचं झाड त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणून तर मी स्वतः लाभुबेनकडे गेलो. त्या हो म्हणाल्या."

तुम्ही म्हणालात, "भाभी घरच्या कशा? पाटी वाचा. हस्ते कोण लिहिलंय?"

किरीटभाई असा भोळा, की खरंच उठून फाटकापर्यंत गेला आणि पिंजऱ्यावरची पाटी मोठ्यानं वाचायला लागला. "स्वर्गीय हरसुखभाई यांच्या स्मरणार्थ. हस्ते रसीलाबेन."

"झालं तर. आणि विचारा भाभींना, एक तांब्या पाणी तरी घातलंय का कधी त्याला? तिथेच असतील त्या. चार माणसं जमली आणि त्या नाहीत असं होत नाही."

जवेरबेन खोकली. तिला दमा आहे, पण तो खोकला दम्याचा नव्हता.

"भाऊ गेल्यावर मला माहेर म्हणून ते एक झाड राहिलं," तुम्ही म्हणालात. "ते गेलं की मला भावनगर नाही." आणि फोन ठेवलात.

किरीटभाईची सून माझ्याकडे बघून म्हणाली, "बा, चहा घेणार ना?" मी म्हटलं, "घेईन. साखर कमी घाल, आताच खूप गोड ऐकलंय."

पाणी घातलं नाही हे खरं आहे, रसीलाबेन. घालायची गरज कुठे होती. ते आपल्याच नळात तोंड घालून पीत होतं.

आणि तुम्हाला कळलंच आहे, तर मागच्या पत्रात जे झाकलं ते उघडं करते. कमिटीनं ठरवलं असं मी लिहिलं होतं. बाकीच्या झाडांचं कमिटीनं ठरवलं. हरसुखभाईंचं नाही. किरीटभाई माझ्या ओट्यावर आला, चपला लांब काढून, हात जोडून. म्हणाला, "बेन, तुम्ही राहू दे म्हणालात तर राहू देऊ. पाइप टाकीच्या मागून फिरवू. वेळ लागेल, खर्च येईल, लोक कुरकुरतील, पण हरसुखभाईंसाठी करतील." मी त्याला बस सुद्धा म्हटलं नाही. म्हटलं, काढा. इतक्या लगेच म्हटलं की तोच गडबडला. "दोन दिवस विचार करा, बेन. घाई नाही." म्हटलं, "विचार करूनच बसले आहे, ते गेले त्या वर्षापासून."

ते वर्ष तुम्हाला आठवतं का ते माहीत नाही. मला आठवतं. ते आषाढात गेले. सव्वा महिना मी कोपरा धरून बसले, आपल्यात विधवेनं बसायचं असतं तशी, भिंतीकडे तोंड करून. "भाभी, उंबरा ओलांडू नका हं, लोक नावं ठेवतील," हे तुम्हीच सांगायचात. रागानं नाही, मायेनं सांगायचात, माझ्या ताटात खिचडी वाढता वाढता. मी ऐकलं. त्यातच झाडं लावायचा रविवार आला. मी त्या कोपऱ्यातून तुम्हाला म्हटलं, "रसीलाबेन, त्यांच्या नावानं लावायचं तर कडुनिंब लावा. आणि जागा जरा बघून. ते म्हणायचे, झाड पाइपापासून लांब." तुम्ही म्हणालात, "तुम्ही कशाला चिंता करता, मी आहे ना."

संध्याकाळी आलात ते हात मातीचे आणि डोळे रडून सुजलेले. दुसऱ्या दिवशी जवेरबेननं सांगितलं. कोनो लावलं. सगळ्यांनी कोनोच लावली होती, नर्सरीवाल्यानं तीच आणली होती, एका वर्षात डोक्यावर जातं म्हणून सगळे खूश होते. आणि फाटकाशी लावलं, रस्त्यावरून दिसावं म्हणून. आणि पाटीवर तुमचं नाव.

मला माझं नाव नको होतं असं मी म्हणणार नाही. हवं होतं. नवऱ्याच्या नावाखाली बायकोचं नाव, एवढं काही मोठं मागणं नव्हतं. पण जिला उंबरा ओलांडू दिला नाही तिच्या हातून झाड लागलं असं कसं लिहिणार? ते मला तेव्हाही कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच जास्त लागलं.

फाटकाखालून पाइप जातो हे आपल्या सोसायटीत एका माणसाला माहीत होतं. तो नुकताच गेला होता, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्याच नावानं त्या पाइपावर खड्डा खणला.

हे पत्र विचारायला नाही, कळवायला आहे. रविवारी यायचं तर या. आता हजिऱ्याहून घोघ्याला बोट येते, बसचे हाल नाहीत. फाटकात बसायचं म्हणालात, तर सतरंजी मी देते.

लाभु

भावनगर, श्रावण शुद्ध एकादशी, रविवार

रसीलाबेन,

तुम्ही आला नाहीत. सतरंजी मी खरंच काढून ठेवली होती.

सकाळी मांडवात सगळे गांठिया खात होते तेव्हा मी फाटकाशी गेले. करवतवाला जुसब तिथे मशीन पुसत बसला होता. तो घोघ्याच्या रस्त्यावर राहतो, मोठा धिप्पाड, पण बोलणं हळू.

"बा, बाजूला व्हा," तो म्हणाला. "हे एकदा सुरू झालं की माणूस ओळखत नाही."

"सुरू करू नको अजून. मला एक काम आहे." मी पदराखालून तुमची राखी काढली.

त्यानं राखीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, पाटी वाचायचा प्रयत्न केला. "बळेव तर गुरुवारी आहे, बा."

"तुला रे काय माहीत?"

"बहीण मानलेली आहे मला, शेळ्या राखणाऱ्या भरवाडाची. चुकू देते का ती? आधीच्या आठवड्यापासून फोन करते, दाढी करून ये म्हणते."

"मग धर ती फांदी. गुरुवारी हे इथे नसणार."

त्यानं फांदी वाकवून धरली. गाठ बसेना. माझ्या बोटांना आता सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. शेवटी एक टोक त्यानं धरलं, एक मी. अशी ती बांधली. टिळा लावला. पेढा आणायचा राहिला होता. मांडवातून येताना हातात एक गांठिया तेवढा होता, तो बुंध्याशी ठेवला. तुमच्या भावाला पेढ्यापेक्षा गांठियाच आवडायचे, त्यामुळे त्याची तक्रार नसावी.

आता एक सांगते, ते तुम्ही कुणाला सांगू नका. त्या झाडाखाली मी आज पहिल्यांदा उभी राहिले. रस्त्यानं जाताना मी पलीकडून जायचे, उन्हाळ्यातसुद्धा. कोनोला सावली नसते, नुसता पाला असतो, असं मी सगळ्यांना सांगत आले. सावली होती. चांगली दाट होती. मी डोक्यावरचा पदर मागे घेतला तरी ऊन लागेना.

जुसब म्हणाला, "राखी काढून देऊ का हातात, कापायच्या आधी?"

"राहू दे."

"तुमच्या भावाचं होतं का झाड?"

"माझ्या नवऱ्याचं. राखी दुसरीची आहे."

त्यानं मशीन उचललं. मला मांडवापाशी जायला सांगितलं. मी गेले नाही, त्यानंही पुन्हा सांगितलं नाही. पडताना मोठा आवाज होईल असं वाटलं होतं. झाला नाही. बाजूच्या तारेवरची कबुतरं उडाली आणि लगेच पुन्हा येऊन बसली. मग त्यांनी बुंधा साखळीनं बांधून ट्रॅक्टरनं ओढला. पहिल्या ओढीला आला नाही, दुसऱ्या ओढीला आला नाही. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "हा कोण होता, सरपंच?" तिसऱ्या ओढीला आला, आणि त्याच्याबरोबर पाइपाचा वावभर तुकडा बाहेर आला, मुळीनं असा आवळून धरलेला की दोन माणसांना सोडवता येईना. किरीटभाईनं त्याचा फोटो काढला. मी त्याला म्हटलं, हा फोटो सुरतला पाठव. तो म्हणाला, "बेन, तुम्ही पण ना." पाठवला नसेल. तो चांगला माणूस आहे.

मग उत्सव झाला. कॉर्पोरेटर उशिरा आला, भाषण लवकर संपवलं, तेवढं पुण्य त्याच्या खाती. त्यानं पहिलं रोप लावलं ते काळ्या पिशवीसकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो गाडीत बसल्यावर जवेरबेननं रोप उपटलं, पिशवी फाडली, पुन्हा लावलं. म्हणाली, "दरवर्षी एकाला कपडे काढून आंघोळ घालावी लागते."

फाटकापाशी आता काही लावणार नाहीत. तिथे पाइप बदलून वर फरशी घालणार. हरसुखभाईंच्या नावाचं झाड टाकीमागे लावायचं ठरलं, जिथे खाली काही नाही. कडुनिंब. माइकवरून माझं नाव पुकारलं. मी गेले, रोप ठेवलं, माती लोटली. सगळ्या सोसायटीसमोर, भर दिवसा, उंबरा ओलांडून. पाटी रंगवणारा ब्रश घेऊन बाजूला उभा होता. किरीटभाईनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बेन, हस्ते काय लिहू? दोघींचं लिहू?"

मी म्हटलं, "लाभुबेन लिह."

तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू. अडखळलेसुद्धा नाही. रंग ओला असताना अक्षरांवर बोट ठेवून पाहिलं, तो बोटाला लागला. भांडी घासली तरी अजून नखात आहे.

तुमची राखी फांद्यांबरोबर ट्रॅक्टरमध्ये गेली. एवढं कळवायचं होतं.

लाभु

भावनगर, श्रावण वद्य सप्तमी, शीतळा सातम

रसीलाबेन,

आज चूल नाही. काल राबून जे केलं ते थंड खायचं, म्हणून दुपार मोकळी मिळाली.

काल निकुंजचा फोन आला. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग पावसाची केली. मी म्हटलं, "बाबा, गुडघे आणि पाऊस झाले, आता बोल."

"मामी, मम्मी म्हणते पत्र पाठवू नका."

"आहे का ती तिथे?"

"आहे. बाजूलाच आहे."

"मग तिला म्हणावं तूच सांग."

थोडं कुजबुजणं ऐकू आलं. मग म्हणाला, "ती म्हणते तिला काही सांगायचं नाही."

"तेच सांग म्हणावं, पण तिच्या तोंडानं."

"मामी, मला मध्ये घालू नका ना. मला दोन्हीकडून मार बसतो." हसला बिचारा. मग आवाज खाली करून म्हणाला, "बळेवला ती जेवली नाही. गॅलरीत बसून होती दिवसभर. मी म्हटलं चल, तुला भावनगरला घेऊन जातो. तर म्हणाली, कुणाकडे?"

मी त्याला थेपले खातोस का विचारलं.

पत्र पाठवू नका म्हणता, म्हणजे वाचता आहात. म्हणून हे पाठवते.

पाणी आलं. पाइप बदलून झाल्यावर पहिलं पाणी आलं, तेव्हा मी बादली लावून आत गेले होते. आवाजानं पळत बाहेर आले. बादली भरून, वाहून, पाणी ओट्यावरून गल्लीत निघालं होतं. गल्लीभर बायका हसत होत्या, एकमेकींवर उडवत होत्या, म्हाताऱ्यासुद्धा. संध्याकाळी जवेरबेन ताट घेऊन आली. बेसनाचा मगस केला होता. म्हणाली, "लाभुबेन, तुमचं बरोबर होतं. आम्ही तेव्हा ऐकलं नाही, आम्हीच मूर्ख." तिच्यामागून किरीटभाईची सून आली, मग मागच्या गल्लीतल्या आल्या. प्रत्येकीच्या हातात काही ना काही, आणि प्रत्येकीच्या तोंडी तेच. तुमचं बरोबर होतं, बेन. हे एक वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं कान लावून बसले होते की काय सांगू. ऐकलं. दोनदा-तीनदा मुद्दाम वळसा घालून पुन्हा म्हणायला लावलं. मग त्या गेल्या. ताटं घासून परत द्यायची, एवढं काम उरलं.

मी ताटं घासत होते आणि माझ्या लक्षात आलं, की हे ज्यांच्याकडून ऐकायचं होतं त्या इथे राहत नाहीत. जवेरबेनशी माझं कधी भांडणच नव्हतं. तिनं कोनो लावलं काय आणि बाभूळ लावली काय, मला काय त्याचं.

आता तुमच्या समाधानासाठी एक बातमी देते. टाकीमागचा कडुनिंब गेला. फोटो काढताना कुणीतरी पिंजऱ्याचं दार उघडलं होतं, ते लावलंच नाही. भरवाडाची शेळी आली आणि शेंड्यापासून खाऊन गेली. पाटी आहे, स्वर्गीय हरसुखभाई आहेत, हस्ते लाभुबेन आहेत, आणि मध्ये एक काडी आहे. मी बघितलं आणि त्या सगळ्या बायका आठवल्या, त्यांची ताटं आठवली. मग कोनो काढून कडुनिंब लावा असं मी म्हटलं होतं, तेव्हाची तुमची सोसायटीच्या मीटिंगमधली बडबड आठवली. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "भाभी, तुमच्या कडुनिंबाला शेळी महिनाभर ठेवणार नाही. कोनोला ती तोंड लावत नाही." लोक हसले होते. मला राग आला होता तो त्यांच्या हसण्याचा. शेळीचं तुमचं बरोबर होतं. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ताट घेऊन सुरतला कोण जाणार सांगायला.

किरीटभाई दुसरं रोप आणतो म्हणाला. मी म्हटलं आण, पण मी लावणार नाही. तुझ्या सुनेला लावू दे, तिचा हात तरुण आहे. पाटीचं तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही.

माफी मागत नाही, हे लक्षात ठेवा. ते झाड मी पुन्हाही काढायला लावलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर पाणी सोडलं त्याच्या नावानं पाणी अडवून ठेवायचं, हे मला त्याच्या माघारी करवलं नसतं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या कारणासाठी मी हो म्हटलं नव्हतं, हेही तुम्हाला माहीत आहे. किरीटभाई ओट्यावर उभा होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पाणी नव्हतं. पाटी होती. तुम्ही मला ओळखता, म्हणून तर बोलत नाही.

निकुंजला विचारलंत, भावनगरला कुणाकडे. प्रश्न मला पोचला.

तुमची मागची खोली आहे. तशीच आहे असं लिहिणार होते, पण नाही तशी. तुम्ही गेल्यावर वर्षाचा गहू एरंडेल चोळून मी तिथेच भरला, पलंगावरसुद्धा पोती आहेत. मी एकटीनं हलवायची म्हटली तर पाठ जाईल. आलात तर दोघींना मिळून ओढावी लागतील, आणि ओढताना तुम्ही म्हणाल भिंतीकडे लावा, मी म्हणेन दाराकडे, आणि त्यातच अंधार होईल. ती तयारी असली तर या.

नसली तर गहू तिथेच राहू दे. एकटीला पीठ लागतं किती.

लाभु